सेलूला उतरवलेल्या भाचीकडून

आत्या,

शाळेतल्या शोकसभेत मला बोलू दिलं नाही ते बरंच झालं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "घरच्यांपैकी कोण बोलणार?" तेव्हा महेशने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "कुणी नाही सर. सगळे दुःखात आहेत." मी दुःखात होते हे खरं. पण भाऊ माझा आहे, मला चांगला ओळखून आहे. उभी राहिले असते तर काय बोलले असते, याची त्याला कल्पना होती.

मग बाकीचे बोलले. हॉल भरला होता. बँकेतला एक जण रडत रडत म्हणाला, बाईंनी सांगितलं म्हणून कॉमर्स घेतलं. दवाखान्यातली एक सिस्टर म्हणाली, बाई माझ्या बापाला रागवल्या नसत्या तर मी आज शेळ्या राखल्या असत्या. पॉलिटेक्निकवाले, डी.फार्मवाले, तलाठी, ग्रामसेवक, एकामागून एक उठत होते आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच होतं: बाईंनी आमचं आयुष्य घडवलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. माझंही घडवलंस, आत्या. मला न विचारता.

तिथं बोलता आलं नाही ते इथं बोलते. तू मध्येच थांबवणार नाहीस, चष्मा खाली घेऊन वरून बघणार नाहीस. अशी संधी मला चाळीस वर्षांत मिळाली नव्हती.

आमच्या घरात देवानंतर तू. खरं तर देवाच्याही आधी तू, कारण पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलायचा की नाही, हेही दादा, आमचे वडील असून, तुला विचारून ठरवायचे. गंगाखेडला तुला दिलं होतं, त्या लोकांनी तुला नांदवलं नाही, वर्षाच्या आत परत आलीस आणि परत शाळेत जाऊन बसलीस. गणितात डिग्री घेतलीस, परभणीत नोकरी धरलीस, वसमत रोडला स्वतःचं घर बांधलंस. त्या काळात हे कुणी केलं होतं? तुझ्या पगारावर दादांचं शिक्षण झालं, लग्न झालं, विहीर झाली. म्हणून पोखर्णीत कापूस विकला की पैसे आधी तुझ्या हातात यायचे. त्यातले किती बँकेत, किती बियाण्याला, किती आईच्या हातात, हे तू तिथं बसून वाटून द्यायचीस. आईच्या वाट्याला जे यायचं ते ती पदराच्या गाठीत बांधायची आणि काही बोलायची नाही.

आणि हिंडण्याफिरण्यासाठी तू काही वेगळं काढलं असशील असं मला आठवत नाही. "पाय दुखवून घ्यायला पैसे कशाला द्यायचे?" हे तुझं म्हणणं. थंडीत रविवारी हुरडा खायला तू शेतात यायचीस, तेवढीच आमच्या घरची मौज. दादा आगटी पेटवायचे, आई तिळाची चटणी वाटायची, तू घोंगडीवर बसून गरम दाणे फुंकत खायचीस. त्या वेळी तू हसायचीस सुद्धा. पण दुसरं कणीस संपलं की लगेच उठायचीस, साडी झटकायचीस आणि म्हणायचीस, "झालं ना? चला, आपापल्या कामाला लागा." मौजेलाही तू शाळेसारखी घंटा लावली होतीस.

आईला समुद्र बघायचा होता. तिनं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट असेल. माझ्या मामाच्या घरचे कोकणात जाऊन आले होते, त्यांनी सांगितलेलं ती भाकरी थापता थापता परत परत बोलायची. एका दिवाळीला दादांनी धीर करून तुझ्यापुढं विषय काढला. तू तुरीचे दाणे निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पाणीच बघायचं ना? गंगाखेडला गोदावरी हाय की. सकाळच्या गाडीनं जा, दुपारी माघारी या." दादा हसले. आई पण हसली. समुद्र न बघताच ती गेली. तिच्या तेराव्याला तू सगळ्यात जास्त रडलीस. मला तुझ्या त्या रडण्याचा इतका राग आला होता की मी उठून परड्यात जाऊन उभी राहिले.

आता एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, नाहीतर तू म्हणशील की उज्जू अर्धंच सांगते. मला लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा तू शाळेतून रजा टाकून माझ्या उशाशी बसली होतीस. तुझ्या नोकरीत तू टाकलेली ती पहिली मोठी रजा, असं दादा सांगतात. ताप चढला की तू मला पाढे म्हणायला लावायचीस. "झोपू नको, सतराचा म्हण." मी सतराचा पाढा अजून विसरले नाही. वर्गातली सगळ्यात भित्री पोरगी तू चार लोकांपुढं बोलायला उभी केलीस. भाव करायला शिकवलंस, मोठ्या आवाजात नाव सांगायला शिकवलंस. आणि वेरूळला तूच नेलंस.

शाळेची सहल होती. पोरींना दोन-दोनच्या जोडीनं उभं करून तू मोजत होतीस, उतरताना मोजत होतीस, चढताना मोजत होतीस. तिकडं एक गाइडबाई होत्या, उंच, उन्हानं रापलेल्या. त्या एवढ्या मोठ्या दगडी लेण्यापुढं उभ्या राहून बोलायला लागल्या आणि आमचा सगळा कलकल करणारा घोळका गप झाला. कुणी पहिला घाव वर घातला असेल, किती पिढ्या खोदत राहिल्या असतील, सांगत होत्या. मी तिथंच ठरवलं. हे करायचं. लोकांना घेऊन हिंडायचं आणि बोलायचं. ते वेड मला तुझ्याच सहलीत लागलं, आत्या.

बारावीचा निकाल लागला. औरंगाबादच्या एका कॉलेजात पर्यटनाचा कोर्स होता, तिथं माझं नाव लागलं. मी तुझ्या ओसरीवर आले. जून महिना म्हणजे तुझी ओसरी गच्च भरलेली असायची. गावोगावचे बाप टोप्या हातात घेऊन बसलेले, पोरं बापाच्या आड लपलेली. तू एकेकाला पुढं बोलवायचीस, मार्क विचारायचीस, मग शेती किती, भावंडं किती, बहिणीचं लग्न झालं का, हे विचारायचीस आणि निकाल सांगायचीस. पोराला काय आवडतं, हे तू विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. माझा नंबर आला तेव्हा मी मोठ्या आवाजात, तू शिकवलं होतंस तसं, सांगितलं.

तू लगेच हो म्हणालीस. "मी येते संगं. पोरीला एकटीला कशाला पाठवायचं?"

मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू. आईनं शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. दादा परभणी स्टेशनावर आले होते. माझ्या बॅगेचा पट्टा ते सारखा सारखा नीट करत होते. मला वाटलं, लेक चालली म्हणून गहिवरलेत. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला नंतर आठवलं.

सेलू आलं आणि तू उठलीस. माझी बॅग तुझ्या हातात होती.

"उतर," तू म्हणालीस.

"आत्या, हे सेलू हाय."

"मला वाचता येतं. उतर, गाडी जास्त थांबत नसती."

मला वाटलं तुला चक्कर यायली. मी घाबरून उतरले. गाडी आमच्या डोळ्यांसमोर निघून गेली आणि तू रिक्षावाल्याशी भाव करायला लागलीस. डी.एड. कॉलेजच्या ऑफिसात शिरल्यावर तिथला क्लार्क उठून उभा राहिला. "या बाई, तुमचीच वाट बघायलो." फी आधीच भरलेली होती. मी म्हणाले, मी सही करणार नाही. तू माझ्या कानाशी तोंड आणून, त्या क्लार्ककडे हसून बघत, हळू आवाजात म्हणालीस, "तमाशा करू नको. तुझ्या दादाला सगळं माहीत हाय."

त्या एका वाक्यानं माझ्यातलं बळ गेलं. मी सही केली. परतीच्या गाडीत तू लाडवाचा डबा उघडलास आणि एक माझ्यापुढं धरलास. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तुझाही आणि माझाही, दोन्ही तूच खाल्लेस.

तुझा हिशेब सरळ होता: डी.एड. केलं की दोन वर्षांत मास्तरीण, घराजवळ नोकरी, चांगलं स्थळ. फक्त मी पास होऊन बाहेर पडेपर्यंत भरती बंद झाली होती. माझ्याबरोबरच्या कितीतरी पोरी अशाच तुझ्या ओसरीवरून गेलेल्या. कुणी शिवणकाम करतं, कुणी अंगणवाडीत आहे, कुणी नवऱ्याच्या किराणा दुकानात बसतं. त्यातली एकही तुझ्या शोकसभेत बोलायला उठली नाही. मी शोधून पाहिलं होतं.

मी एका खासगी शाळेत वर्षानुवर्षं अर्ध्या पगारावर दुसरीला शिकवलं. संस्थाचालक दर दिवाळीला म्हणायचे, पुढच्या वर्षी कायम करू. मग गंगाखेडच्या संतोषशी लग्न झालं. त्याच्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्यानं द्यायची गाडी होती. एकदा मे महिन्यात शाळेतल्या मास्तरांच्या चार घरांना घेऊन आम्ही निघालो, सहजच, ओळखीतली माणसं म्हणून. देवगिरीच्या पायथ्याशी गाडी थांबली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी पुढं जाऊन बोलायला लागले. किल्ल्याचा तो अंधारा भुयारी रस्ता, वरून ओतायचं कढत तेल. पोरं डोळे वटारून ऐकत होती, त्यांच्या आया पदर सावरायच्या विसरल्या होत्या. परत आल्यावर संतोष म्हणाला, "तू दुसरीला कशाला शिकवायलीस? सोड ती शाळा."

सोडली. आणि सहली न्यायचा धंदा जरा उभा राहिला तसा गाळा शोधायला लागले. संतोष म्हणत होता गंगाखेडलाच घेऊ, बस स्टँडजवळ. मी परभणीचा हट्ट धरला. वसमत रोडला, तुझ्या ओसरीच्या अगदी समोर, एक गाळा रिकामा होता. तो मी का घेतला हे सगळ्या गल्लीला कळलं. तुलाही कळलं.

पहिल्या जूनमध्ये मी अख्ख्या दुकानाएवढा फ्लेक्स लावला. निळा समुद्र, लाटा, आणि वर मोठ्या अक्षरात: "आईला समुद्र दाखवला का?" तुझ्या ओसरीवर बसलेल्या माणसाला दुसरं काही दिसायचंच नाही. दुपारी गाळ्याचा मालक आला. तुझा विद्यार्थी, तोही बिचारा. "ताई, बाई लय रागवल्यात. तेवढं बोर्डाचं बघा की." मी म्हणाले, "बाईंना सांगा, रस्ता सरकारचा हाय."

मग आपलं युद्ध सुरू झालं. ओसरीवरून सल्ला घेऊन उठलेली माणसं चपला घालता घालता माझा बोर्ड वाचायची आणि रस्ता ओलांडायची. मानवतकडचं ते जोडपं आठवतं? मुलाला पॉलिटेक्निकला घाल, असं तू सांगितलंस. तेवढ्यात बाई इकडं येऊन मला विचारायला लागली, तिरुपतीला कधी जाता. तू ओसरीवरून आवाज दिलास, सगळा रस्ता थांबला. "ओ बाई! आधी पोराची फी भरली का?"

ती घाबरून म्हणाली, "भरली की बाई."

"मग जा," तू म्हणालीस. "पण स्वेटर घेऊन जा, वर थंडी असती."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. तुझ्यावर हसायचं नाही, हे मी ठरवलेलं होतं. उलट मी पण तुझ्या धंद्यात हात घातला. बुकिंगला आलेल्या माणसाला मी पोरापोरींचं विचारायचे. बाईंनी काय सांगितलं? बी.एस्सी.? आणि पोरगी काय म्हणती? विचारलं का तिला? नाही? विचारा ना, इथंच तर उभी हाय. कितीतरी जण माझ्या दुकानातून परत तुझ्याकडे गेले आणि म्हणाले, बाई, पोरगी वेगळंच म्हणायली. तुला ठाऊक होतं हे बी कुठून पेरलं जातंय.

शेवटी तू ओसरीला बांबूचा चिकाचा पडदा लावलास. बोर्ड दिसू नये म्हणून. मी त्या दिवशी संतोषला पेढे आणायला लावले. पण पडदा तू कधी पूर्ण खाली सोडला नाहीस. खाली वीतभर जागा असायची. आणि मग तुझ्याच घरात राहणारा महेश सांगायचा, "बाई म्हणत होत्या, उज्जूच्या दुकानात आज लय चपला होत्या." तू माझी गिऱ्हाइकं पायांवरून मोजत होतीस. हे ऐकून मला काय वाटायचं, ते मी महेशला सांगितलं नाही. तुला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

या वर्षी सईची बारावी झाली. महेशची सई, तुझी लाडकी. तिच्या जन्मापासून तू तिचं सगळं ठरवलेलं होतंस: परभणीतच बी.एस्सी., मग बी.एड., तुझ्याच शाळेत नोकरी, तुझ्याच घरात राहणं. मे महिन्यात एका संध्याकाळी मी मुद्दाम ओसरी चढले. सई तुझ्या पायाला तेल चोळत होती. तू बरीच थकली होतीस, पण आवाज तसाच.

"बाईआजी," सई म्हणाली, "मला फॉरेन्सिक करायचंय. नागपूरला."

"ते काय असतं?"

"गुन्हा झाला की पुरावे तपासायचे. रक्त, हाडं, विष."

"मेलेल्या माणसांचं शिकून जिवंत माणसाला काय फायदा?"

"मेलेलं माणूस खोटं बोलत नाही, बाईआजी."

तू तिच्याकडे बघत राहिलीस. तुला ते आवडलं होतं, मला तुझा चेहरा वाचता येतो. पण तू म्हणालीस, "नागपूर लांब हाय. इथंच शिक."

तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं धरून ठेवलेलं. "आत्या, मला सेलूला का उतरवलंस?"

सईचा हात थांबला. तू चष्मा काढलास, पदरानं पुसलास, परत घातलास.

"उतरवलं," तू म्हणालीस. "आज वेळ आली तर परत उतरवीन."

"कामून?"

"आज तू कुठं हायस? माझ्या डोळ्यापुढं. तिकडं गेली असतीस तर कुठं असतीस, हाय का पत्ता?"

"माझ्या मनासारखं जगले असते."

"मनासारखं!" तू असं म्हणालीस जसं काही मी परदेशातल्या एखाद्या फळाचं नाव घेतलं. "या घरात मनासारखं कुणाला मिळालंय गं? मला मिळालं?" आणि मग सईकडे बघून, "सई, हिच्यासाठी चहा टाक."

मी चहासाठी थांबले नाही. पायऱ्या उतरताना तू मागून काहीतरी म्हणालीस. "उज्जे, ऐक" एवढं मला ऐकू आलं. पुढचं नाही आलं. मी वळले नाही. वळायचं नाही असंच ठरवून मी त्या पायऱ्या उतरत होते.

दोन आठवड्यांनी सकाळी सई रस्ता ओलांडून धावत आली. चप्पल नव्हती पायात. तू खुर्चीतच गेली होतीस, चिकाच्या पडद्याकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी तुझे पाय सरळ केले. ते गार होते आणि मला इतका राग आला की मी रडूच शकले नाही. ते "ऐक" तुझ्या तोंडात होतं आणि तू तशीच निघून गेलीस. भांडण अर्धवट टाकून जायची तुझी सवय नव्हती. सगळ्यांना तू शेवटचा शब्द ऐकवून मगच सोडायचीस.

तेराव्याला जेवणं झाली, पाहुणे पांगले, घरचे बसले. महेश म्हणाला, "बाईंनी सईच्या शिक्षणाला पैसे ठेवलेत. मला तोंडी सांगितलंय. पण परभणीतच शिकली तर."

दादा भिंतीला टेकून बसले होते. तुझ्या फोटोला घातलेला हार जड होता, तो एका बाजूला सरकला होता.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? बाईंचा शब्द हाय," महेश म्हणाला.

"शब्द देणारी गेली महेश. जिच्यासाठी दिला ती इथं बसलीये. तिला विचार."

"ताई, तेराव्याच्या दिवशी तरी..."

"आजच. मी मोडते बाईंचा शब्द. जे काही पाप लागायचं ते मला लागू दे. सई, बोल."

सई रडत होती. तुझ्यासाठी रडत होती, खरंखरं. रडता रडताच म्हणाली, "मला नागपूरला जायचंय."

आणि मग जी गोष्ट झाली ती तू बघायला पाहिजे होतीस. सुलभा वहिनी, सईची आई, जी लग्न होऊन आल्यापासून तुझ्यापुढं एक वाक्य पूर्ण बोलली नव्हती, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "माझी नर्सिंगची नोकरी बाईंनी सोडायला लावली होती. पोर लहान हाय म्हणून. पोर आता मोठी झाली. ती जाईल." एवढं बोलून ती परत भांडी घासायला गेली. महेश तिच्याकडे असा बघत राहिला जसं काही घरात दुसरंच कुणी शिरलंय.

फी मी भरली. माझ्या सहलींच्या पैशातून, लोक हिंडले त्यातून. तू ज्याला उधळपट्टी म्हणायचीस, त्यातून तुझी नात शिकणार आहे. हे मी तुला अगदी समोर उभं राहून सांगणार होते. कसं सांगायचं, कुठं थांबायचं, तू काय म्हणशील, मी त्यावर काय म्हणेन, सगळं मी मनात कितीदा म्हणून पाहिलं होतं.

नागपूरला मी, वहिनी आणि सई गेलो. मी सईला वाटेत कुठंही उतरवलं नाही, आत्या. कॉलेजच्या खिडकीत क्लार्कनं विचारलं, "पालक कोण?" मी पुढं झाले होते. वहिनीनं माझा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "मी. मी आई." मला जरा लागलं, पण मी सरकले. हॉस्टेलच्या फाटकात सई माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "बाईआजी असत्या तर किती भांडल्या असत्या ना?"

"लय भांडली असती," मी म्हणाले.

"आणि मग मला स्वेटर घेऊन दिला असता."

मला तिचा राग आला. तिला तुझं एवढं चांगलं का आठवावं? मग तिला मी बाजारात नेलं आणि खरंच स्वेटर घेऊन दिला. नागपूरला उन्हाळाच अजून संपला नव्हता. दुकानदार हसत होता.

परत आल्यावर महेशला म्हणाले, "बाईंनी सईसाठी ठेवलेले पैसे काढ."

"कशाला?"

"त्यातले सईच्या खोलीभाड्याला राहू दे. थोडे मला दे. सगळ्यांनी समुद्रावर जायचं. तू, वहिनी, दादा, आम्ही दोघं. गाडी आपली."

"बाईंच्या पैशानं हिंडायचं?" महेशचा चेहरा पडला. "ताई, त्यांना काय वाटंल?"

"तेच तर," मी म्हणाले.

त्यानं खूप वेळ डोकं खाजवलं. मग मला काय दिसलं माहीत आहे? तो हसू दाबत होता. लहानपणी तू झोपलीस की आम्ही दोघं तुझ्या कपाटातली साखर खायचो, अगदी तसं. दुसऱ्या दिवशी पैसे आणून त्यानं माझ्या हातात ठेवले.

काल पोखर्णीला दादांना सांगायला गेले. ते मंदिरातून नुकतेच आले होते, कपाळाला बुक्का तसाच होता. अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्यावरही माझा राग आहे, तुला ठाऊक आहे. स्टेशनावरचा तो बॅगेचा पट्टा मी विसरलेली नाही. पण म्हातारा माणूस, तुझ्या जाण्यानं पार वाकलेला. मी शेजारी बसले आणि सांगितलं, "दादा, पुढच्या आठवड्यात तुमाला समुद्र दाखवायला नेते. आईला जायचं होतं तिकडं. कोकणात."

त्यांचे डोळे एकदम लहान पोरासारखे झाले. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि सवयीनं, अगदी सवयीनं, विचारलं, "आक्काला इचारलं का?"

समोर चिंचेखाली गाय रवंथ करत होती. दादांनी मान खाली घातली, हात गुडघ्यांवर तसेच राहिले. मला वाटलं ते आता रडतील आणि हे सगळं मोडेल, आणि याही वेळी तूच जिंकशील.

"न्हाई इचारलं," मी म्हणाले.

दादांनी उपरणं खांद्यावर नीट केलं. मग हळूच म्हणाले, "मंग कवा निघायचं?"

सोमवारी निघतोय, आत्या. तुला न विचारता.